एकाच मापाचा गालिचा, किंमत मात्र निराळी

आमच्या वसाहतीतील बुद्ध विहाराच्या सभागृहासाठी गालिचा घ्यावा, असा ठराव वर्षावास सुरू होण्यापूर्वी विहार समितीने एकमताने मंजूर केला. एकमत तेवढ्यापुरतेच टिकले. खरेदीचे काम आमच्याकडे आले, कारण समितीचे हिशेब आम्ही ठेवतो. आम्ही आणि समितीचे आणखी दोघेजण असे तिघे एका रविवारी तीन दुकाने फिरलो. माप एकच, सहा फूट बाय नऊ फूट. रंग एकच, तांबडा. पहिल्या दुकानातली किंमत ऐकून बरे वाटले. दुसऱ्या दुकानातली किंमत तिच्या पाचपट निघाली. तिसऱ्या दुकानदाराने जो आकडा सांगितला, तो ऐकून आमच्यातले एक काका उठून सरळ चपला घालायला लागले.

हा अहवाल आम्ही सभेत ठेवला. महिला मंडळाच्या एका ताईंनी लगेच विचारले, "भाऊ, तिन्ही गालिचेच ना? मग एवढा फरक कशाचा? मधले पैसे कोण खातो?"

प्रश्न रास्त होता. विहाराचा पैसा म्हणजे घरोघरी पावती फाडून जमवलेला पैसा. कोणी हमाली करून दिलेला, कोणी चार घरची धुणीभांडी करून दिलेला. आणि ताईंच्या प्रश्नामागे एक जुनी जखम होती. काही वर्षांपूर्वी समितीने "हाताने बनवलेला, शुद्ध लोकरीचा" म्हणून एक गालिचा घेतला होता. दुकानाचे नाव येथे लिहीत नाही. तीन वर्षांत त्याच्या खालून पिठासारखी पांढरी भुकटी गळू लागली. झाडू मारावा आणि पुन्हा भुकटी. पाठीमागचे कापड सुटले, वरचे लोकरीचे पुंजके हाताने उपटून येऊ लागले. त्या वेळी पावतीवर सही आमची होती. ताईंना आम्ही त्या सभेत उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून पुढचे दोन महिने कचेरी सुटल्यावर या विषयाचा माग काढला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, गालिचा या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एक, यंत्रावर विणलेला. त्याचे सूत बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पेट्रोलियमपासून केलेले असते. यंत्र दिवसाला ढिगाने गालिचे विणते, त्यामुळे एका गालिच्यावर पडणारी मजुरी किरकोळ. त्याला कसर लागत नाही, ओला झाला तरी लवकर वाळतो. ज्या घरात लहान मूल आहे, तेथे हा गालिचा वाईट नाही. तो स्वस्त आहे आणि स्वस्त म्हणून विकला जातो, तेव्हा त्यात फसवणूक नाही.

दुसरा, ज्याला बाजारात टफ्टेड म्हणतात तो. यात चौकटीवर कापड ताणतात, त्यावर नक्षी छापतात आणि हातात धरायच्या बंदुकीसारख्या यंत्राने त्या कापडात लोकर टोचत जातात. गाठ कुठेही मारलेली नसते. लोकर निघून येऊ नये म्हणून पाठीला लेटेक्स या रबरी चिकाचा थर देतात आणि त्यावर दुसरे कापड चिकटवतात. जे काम मागावर महिनेच्या महिने चालते ते इथे काही दिवसांत उरकते. काही वर्षांनी तो चीक सुकतो, त्याची भुकटी होते. आमच्या विहारात गळत होती ती हीच. यंत्र हातात धरलेले असते, म्हणून दुकानदार "हाताने बनवलेला" म्हणतो आणि कायद्याच्या कचाट्यातून सुटतो. शब्द खरा, अर्थ खोटा.

तिसरा, खरा गाठींचा गालिचा. यात मागावर सुताचे उभे धागे ताणलेले असतात. कारागीर शेजारच्या दोन उभ्या धाग्यांभोवती लोकरीची एक गाठ मारतो, सुरीने टोक कापतो, पुढची गाठ मारतो. एक ओळ झाली की आडवा धागा घालून लोखंडी पंजाने ठोकतो. पुन्हा पहिल्यापासून. विणून झाल्यावर कातरणी, धुलाई, ताणणे, कडा शिवणे हे निराळेच. तेव्हा गालिच्याची किंमत समजून घ्यायची तर गाठी मोजाव्या लागतात.

आम्ही कॉमर्सचे पदवीधर, हिशेबाचे माणूस. म्हणून हा हिशेब मांडून पाहिला. उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर हा आपल्या देशातील गालिच्याचा सर्वांत मोठा पट्टा. तेथील मध्यम प्रतीच्या मालात एका चौरस इंचात ६० गाठी धरू. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच, म्हणजे ८,६४० गाठी. सहा बाय नऊचा गालिचा ५४ चौरस फुटांचा. एकूण गाठी ४,६६,५६०. चांगला कारागीर दिवसभर बसून सहा हजारांच्या आसपास गाठी मारतो असे धरले, तर एका माणसाचे जवळजवळ ७८ दिवस झाले. आता काश्मीरचा बारीक माल घ्या. तेथे इंचात आडव्या १८ आणि उभ्या १८, म्हणजे चौरस इंचाला ३२४ गाठी हे नेहमीचे काम आहे. त्याच मापाच्या गालिच्यात २५ लाखांच्या वर गाठी येतात. त्याच वेगाने ४२० दिवस. एका माणसाचे जवळजवळ चौदा महिने, तेही एक सुट्टी न घेता.

दिवसाला ५०० रुपये मजुरी समजा. पहिल्या गालिच्यात नुसती मजुरी ३९,००० रुपये, दुसऱ्यात २,१०,००० रुपये. लोकर, रंग, धुलाई, वाहतूक, दुकानाचे भाडे आणि नफा यातले काहीच अजून धरलेले नाही. आमच्या तिसऱ्या दुकानदाराचा आकडा ऐकून काका चपला घालू लागले होते, त्यांना आम्ही हा कागद दाखवला. काका गप्प बसले.

पण हाच हिशेब उलटाही वाचता येतो. तो वाचल्यावर आम्हालाच झोप लागली नाही. गाठींचा, ६० च्या प्रतीचा असा गालिचा कोणी १५,००० रुपयांना देऊ लागला, तर त्यातला पै न् पै कारागिराला दिला तरी दिवसाला १९२ रुपये पडतात. प्रत्यक्षात पै न् पै जात नाही. निर्यातदार ठेकेदाराला काम देतो, ठेकेदार खेड्यातल्या मागवाल्याला देतो, मागवाला विणणाऱ्याला नगावर मजुरी देतो. प्रत्येक पायरीवर काही ना काही कापले जाते. मग सगळ्यात खालच्या पायरीवर कोण बसतो?

याचे उत्तर देशाने १९८० आणि १९९० च्या दशकांत पाहिले. त्या मागांवर मुले बसलेली होती. त्यांतली बरीचशी बिहारकडून आणलेली, दलित आणि आदिवासी घरांतली. बापाला थोडी उचल द्यायची आणि मुलाला घेऊन जायचे. उचल फिटत नसे, मूल परत येत नसे. बाबासाहेबांच्या संविधानातील २३ वे कलम वेठबिगारीला बंदी करते आणि २४ वे कलम चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात किंवा धोक्याच्या कामावर ठेवू देत नाही. वेठबिगार मुक्तीचा कायदा १९७६ चा. १९८६ च्या बालमजुरी कायद्याने गालिचा विणणे हे मुलांसाठी बंदी असलेल्या कामांत नाव घेऊन घातले. तरी माग चालूच राहिले. कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धाडी घालून मुले सोडवली. १९९४ साली रगमार्क नावाची खूण सुरू झाली. ज्या मागावर मूल नाही त्याच मालाला ती मिळायची. २००९ पासून ती गुडवीव्ह या नावाने ओळखली जाते. २०१४ साली सत्यार्थींना मलाला युसुफझाईंबरोबर शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते वाचकांना आठवत असेल.

मालक मंडळींचे त्या काळी एक ठरलेले उत्तर असे. मुलांची बोटे नाजूक, म्हणून बारीक गाठ मुलेच मारू शकतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी १९९० च्या दशकात झालेल्या पाहणीत हे थोतांड ठरले. बारीक काम मोठी माणसे करीतच होती. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. मुले राबवून गालिच्याच्या शेवटच्या किमतीत होणारी बचत फक्त पाच ते दहा टक्के होती. एका मुलाची शाळा, पाठ, डोळे आणि छाती, आणि त्याबदल्यात गिऱ्हाइकाला रुपयामागे पाच-दहा पैशांची सूट. तीसुद्धा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत असेल तर.

२०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर बंदी आली. मात्र शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची मोकळीक ठेवली. माग तर घरातच असतो. या सवलतीबद्दल आमचे मत चांगले नाही.

स्वस्त गालिचा बंदिस्त हातांनी विणवून घेण्याची युक्ती तशी जुनी आहे. इंग्रजी अमलात आग्रा, लाहोर आणि आपल्याकडे येरवडा अशा तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेत. आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला एक प्रचंड गालिचा व्हिक्टोरिया राणीसाठी गेला. तो विंडसरच्या राजवाड्यात आहे. तुरुंगातल्या मालामुळे बाहेरच्या कारागिरांचा धंदा आणि हुन्नर दोन्ही बुडत आहेत, अशी ओरड त्याच काळात झाली होती.

आता जरा आपल्या घरात पाहू. विणकाम आपल्याला परके नव्हते. नागपूर-विदर्भाकडे आपले कितीतरी लोक हातमागावर जाडेभरडे कापड विणून पोट भरत. गिरण्यांचे कापड आले आणि तो माग बसला. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल निघाली, तेव्हा त्याच विणकरांची मुले गिरणीत गेली. मुंबईच्या गिरण्यांत तर निराळीच तऱ्हा. विणखात्यात मजुरी जास्त, पण तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात कांडी बदलली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. आपल्या माणसाच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांची एकजूट म्हणता आणि विणखात्याचे दार आम्हाला बंद ठेवता, हे कसे, असा त्यांचा रोख होता. एकाच गिरणीत, एकाच छपराखाली, श्रमाची किंमत जातीवर ठरत होती. गालिच्याच्या किमतीचा विचार करताना आम्हाला हा धोटा सारखा आठवत राहिला.

आमच्या विहारात येणाऱ्या एक आजी मूळच्या नागपूरकडच्या. वय ऐंशीच्या पुढे. माहेरी हातमाग होता, त्यावर पासोड्या विणत. जुन्या गालिच्याची कर्मकहाणी सांगितली तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "बाबू, कपड्याची पाठ पाहून घ्याव लागते. तोंड तं सगळेच धुऊन येतात."

पुढे आम्ही ज्या ज्या जाणकाराला विचारले त्याने हेच सांगितले. गालिचा उलटा करा. खऱ्या गाठींच्या गालिच्यात पुढची नक्षी पाठीवर तशीच्या तशी दिसते, गाठी बोटाला लागतात, त्या थोड्या वेड्यावाकड्याही असतात. पाठीवर कापड चिकटवलेले असेल तर तो टफ्टेड समजावा. झालर पाहा. गाठींच्या गालिच्याची झालर म्हणजे मागाचे उभे धागेच. ती वेगळी शिवलेली दिसली की शंका घ्यावी. दुकानदाराची परवानगी घेऊन मधला एक लोकरीचा धागा काढावा आणि बाहेर नेऊन पेटवावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते. प्लास्टिकचे सूत वितळून त्याचा टणक मणी होतो. रेशीम म्हणून दिलेला धागा कागदासारखा जळला तर तो व्हिस्कोज किंवा सूत आहे. "बांबू सिल्क" या नावाने विकतात तेही व्हिस्कोजच, किड्याचे रेशीम नव्हे. ओला पांढरा रुमाल गालिच्यावर घासावा. रंग उतरला तर पुढे बोलू नये.

यातूनही चोर सुटतो. दोन उभ्या धाग्यांऐवजी चार धाग्यांवर एक गाठ मारतात, त्याला जुफ्ती म्हणतात. गाठी निम्म्या, वेळ निम्मा, किंमत मात्र पूर्ण. लोकरीतही भेद आहेत. जिवंत मेंढीची कातरलेली लोकर चिवट आणि चकाकणारी. कत्तलीनंतर कातड्यावरून चुन्याने सोडवलेली लोकर निस्तेज आणि लवकर झडणारी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, म्हणून तिची घोंगडी होते, मऊ गालिचा होत नाही. जुन्या इराणी गालिच्यांची गोष्ट तर वेगळीच. सतराव्या शतकातला एक गालिचा २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ३७ लाख डॉलरला गेला. तो ज्याने विणला त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

हे सर्व आम्ही भन्तेजींच्या कानावर घातले. त्यांनी विनयपिटक काढले. आम्हाला वाटले होते की, गालिच्याचा आणि धम्माचा काय संबंध? पण भिक्खूंच्या नियमांत लोकरीच्या बैठकीवर एकापाठोपाठ पाच नियम आहेत. लोकर न विणता थरावर थर दाबून केलेली, आपल्या बुरणुसासारखी ती बैठक. त्यातला पहिलाच नियम रेशमाचा. काही भिक्खू रेशीम बनवणाऱ्यांकडे रेशीम मागायला गेले. ते कारागीर वैतागून म्हणाले की, आम्ही बायकामुलांच्या पोटासाठी हे किडे मारतो, त्याचेच आम्हाला वाईट वाटते, आणि तुम्हीही मागायला आलात? भगवंतांनी रेशीम मिसळलेली बैठक भिक्खूंना बंद केली. पुढचा नियम निव्वळ काळ्या लोकरीला बंदी करतो, कारण ती श्रीमंतांची चैन होती. त्यापुढचा लोकरीचे प्रमाण ठरवून देतो : दोन भाग काळी, एक भाग पांढरी, एक भाग तपकिरी. आणि एक नियम असा की, केलेली बैठक सहा वर्षे वापरावी, संघाच्या परवानगीवाचून त्याआधी नवी करू नये. नवी करताना जुनीचा एक तुकडा तिच्यात घालावा, हा पाचवा.

रेशीमवाल्या कारागिरांची तक्रार अडीच हजार वर्षे जपून ठेवली गेली, याचे आम्हाला फार अप्रूप वाटले. वस्तू कशी तयार झाली, कोणाला काय सोसावे लागले, हे विचारल्याशिवाय तिच्यावर बसायचे नाही, असेच ते झाले.

समितीच्या पुढच्या सभेत आम्ही सगळा हिशेब फळ्यावर मांडला. चर्चा दोन तास चालली. तरुण मंडळींचे म्हणणे, यंत्राचाच घ्या, रंगीत आहे, पाहुणे येतात तर शोभा येईल. एक शिक्षक म्हणाले, थांबा, वर्गणी वाढवू आणि गाठींचाच घेऊ, पण बालमजुरी नसल्याची खूण असलेला. ताई म्हणाल्या, "वर्षावासात दीडशे माणूस जमिनीवर बसतो. सहा बाय नऊवर बसणार किती? पंचवीस? बाकीच्यांनी फरशीवर बसायचं का?"

येथे चर्चा संपली. गालिचा रद्द झाला, सुती सतरंज्या घ्यायचे ठरले. सतरंजीलाही भाव वेगवेगळे असतातच. ती वजनावर जोखावी. हातमागाची, नव्या सुताची सतरंजी घट्ट आणि जड, दोन्ही बाजूंनी सारखी, एक बाजू मळली की उलटून घालता येते. चिंध्या पिंजून काढलेल्या सुताची सतरंजी नवी असतानाच तिचा कोंडा उडतो. उजेडासमोर धरली तर विणीतून उजेड दिसू नये. आम्ही आजींना दुकानात बरोबर नेले. त्यांनी अकरा सतरंज्या उलटवल्या, चार बाजूला काढल्या, आणि दुकानदाराला एकीच्या काठाचा तुटका धागा दाखवून तिचे पैसे कमी करायला लावले.

जुन्या गालिच्याचे काय करावे, हा विषय भन्तेजींनी काढला. कोसंबीच्या उदयन राजाने आनंदांना विचारले होते की, एवढ्या चिवरांचे तुम्ही काय करता? आनंदांनी क्रम सांगितला. जुनी चिवरे अंथरायला, मग गादीच्या खोळीला, मग जमिनीवर, मग पाय पुसायला, मग धूळ झटकायला, आणि शेवटी कुटून चिखलात मिसळून लिंपायला. महिला मंडळाने आमच्या गालिच्याचा चीक गळलेला भाग कापून टाकला. उरलेल्यातून सात पायपुसणी निघाली. त्यांतली दोन विहाराच्या दारात आहेत, बाकीची बालवाडीला दिली. सतरंज्यांची पावती, वजन आणि दर यांसह विहाराच्या फलकावर लावली आहे.